चिखलातला पेंढा, स्लॅबमधली सळई: थ्रीडी प्रिंटिंगमधलं कार्बन फायबर

मागच्या पावसाळ्यात भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये एक काळा तुकडा माझ्या हातात आला, तोही दोन भागांत. सीएनसी मशीनमधून (संगणकाच्या हुकमाने धातू कापणारं यंत्र) तयार होणारा भाग, म्हणजे जॉब, उचलणाऱ्या रोबोच्या पकडीचं ते एक बोट होतं. ॲल्युमिनियममध्ये मिलिंग करून घेण्याऐवजी थ्रीडी प्रिंटरवर काढलेलं, आणि साध्या प्लॅस्टिकचं नव्हे, तर ‘कार्बन फायबर नायलॉन’चं. मालक वैतागले होते. “आधीचं साधं प्लॅस्टिक निदान वाकायचं. हे एवढं महागाचं आणलं आणि बिस्किटासारखं तुटलं. फसवलं की काय आपल्याला?”

फसवलं नव्हतं. प्रिंटरच्या प्लॅस्टिकच्या दोरीचं जे रीळ आणलं होतं, त्यावर लिहिलेलं अगदी खरं होतं. घोटाळा ‘कार्बन फायबर’ या दोन शब्दांत आहे. ते ऐकले की आपल्याला रेसिंगची गाडी आठवते, तेजस विमानाचे पंख आठवतात. तिथे कार्बनचे लांबच लांब तंतू कापडासारखे थरावर थर बसवलेले असतात. या रिळात मात्र त्याच तंतूंचा बारीक चुरा असतो. चुऱ्यालाही काम असतं आणि तो ते चोख करतो. फक्त आपण समजतो ते काम वेगळं.

प्रिंटरचं तत्त्व चकलीच्या सोऱ्याचंच. १.७५ मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची दोरी (तिलाच फिलामेंट म्हणतात) दातेरी चाकं पुढे ढकलतात. तापलेल्या नोझलमध्ये ती वितळते आणि ०.४ मिलिमीटरच्या भोकातून बाहेर पडून एकावर एक थर रचत जाते. अमेरिकेत स्कॉट क्रम्प यांनी १९८९मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते पेटंट २००९मध्ये संपलं आणि त्यानंतर हे यंत्र कारखान्यातून थेट अभ्यासाच्या टेबलावर आलं. जाता जाता एक गंमत. फिलामेंट हा शब्द आपल्याला माहीत झाला तो बल्बमुळे, आणि १८७९च्या एडिसनच्या दिव्यात जी तार उजळली ती सुती दोरा भाजून केलेली, म्हणजे कार्बनचीच होती.

आता मातीच्या घराकडे वळू. भिंतीसाठी गारा मळताना त्यात भाताचा पेंढा कापून टाकतात. पेंढ्यामुळे भिंत जास्त वजन पेलते असं नाही, छपराचा भार मातीच घेते. पण ओली माती वाळताना आकसते आणि भेगाळते. पेंढ्याच्या काड्या तिला आतून जागोजागी धरून ठेवतात, त्यामुळे आकसणं कमी होतं आणि पडलेली भेग लांबवर पळत नाही. आरसीसीच्या स्लॅबमधली सळई वेगळी. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाते आणि ताण खरोखर स्वतःच्या अंगावर घेते.

बाजारात ‘कार्बन फायबर’ म्हणून मिळणारी बहुतेक फिलामेंटं पेंढ्याच्या जातीची. सळईच्या जातीचीही असतात, पण त्यांना वेगळा प्रिंटर लागतो. त्यांच्याकडे नंतर येतो.

त्याआधी तीन शब्द वेगळे करून घ्यायला हवेत, कारण दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही त्यांची सर्रास सरमिसळ करतात. ताठ, बळकट आणि चिवट. भार टाकल्यावर वस्तू किती कमी वाकते हा झाला ताठपणा. तुटेपर्यंत किती भार घेते ती बळकटी. आणि धक्के खात, वाकत, ताणत तुटायला किती वेळ लावते तो चिवटपणा. काचेची पट्टी ताठ असते, पण चिवट अजिबात नसते. वेताची छडी चिवट असते, पण ताठ म्हणता येणार नाही. साधं नायलॉन वेताच्या गोत्रातलं. त्यात कार्बनचा चुरा मिसळला की ताठपणा खूप वाढतो, बळकटी त्यामानाने कमी वाढते आणि चिवटपणा चक्क घटतो. वर्कशॉपच्या मालकांनी ‘बिस्किट’ म्हटलं ते प्रयोगशाळेच्या अहवालाइतकंच अचूक होतं.

अहवालाचंच म्हणाल तर अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१४मध्ये एबीएस या प्रिंटिंगमधल्या नेहमीच्या प्लॅस्टिकमध्ये ०.२ ते ०.४ मिलिमीटर लांबीचे कार्बन तंतू मिसळून प्रिंट केलेल्या नमुन्यांचे निकाल प्रसिद्ध केले. ताठपणा सुमारे ७०० टक्क्यांनी वाढला, म्हणजे जवळपास आठपट झाला. बळकटी वाढली ती सुमारे ११५ टक्क्यांनी, म्हणजे दुपटीहून थोडी जास्त. तेच तंतू, तेच प्लॅस्टिक, तरी दोन आकड्यांत एवढी तफावत का?

याचं उत्तर गोठ्यात आहे. बैल बांधायचा खुंटा चार बोटंच रोवला असेल तर बैल एका हिसक्यात तो उपटून काढतो. तोच हातभर खोल रोवला तर आधी दावं तुटेल, खुंटा हलणार नाही. प्लॅस्टिकमधल्या तंतूचंही असंच. ताण आल्यावर प्लॅस्टिक तंतूला त्याच्या पृष्ठभागावरून धरून ओढतं. तंतू पुरेसा लांब असेल तर पकड इतकी घट्ट बसते की तुटायची वेळ आली तर तंतूच तुटतो, म्हणजे त्याची सगळी ताकद वापरली जाते. आखूड असेल तर तो न तुटता नुसता उपटून येतो. ही सीमारेषा कागदावर काढता येते. कार्बनचा तंतू साधारण ७ मायक्रॉन जाड, केसाच्या दहाव्या हिश्शाइतका. त्याची बळकटी ३,५०० मेगापास्कलच्या (ताण मोजायचं एकक) घरात आणि प्लॅस्टिकची पकड ३० मेगापास्कल धरली तर किमान लांबी येते सुमारे ०.४ मिलिमीटर. फिलामेंटमधले तंतू बहुतेक वेळा ०.१ ते ०.२ मिलिमीटरचेच असतात. चार बोटं रोवलेले खुंटे. ताठपणाला मात्र एवढी लांबी हळूहळू पुरू लागते, कारण तिथे तंतू तुटेपर्यंत ताणायचाच नसतो, थोडा भार वाटून घेतला तरी चालतो.

मग लांब तंतू का घालत नाहीत? घालतात, पण ते टिकत नाहीत. फिलामेंट बनवताना प्लॅस्टिक आणि तंतू दोन स्क्रूंच्या एक्स्ट्रूडरमध्ये एकत्र घुसळले जातात आणि त्या घुसळणीतच तंतूंचे तुकडे होतात. त्यातूनही लांब राहिलेच, तर ०.४ मिलिमीटरच्या भोकापाशी त्यांचा गुंता होऊन नोझल तुंबतं. म्हणूनच या फिलामेंटसाठी ०.६चं नोझल बरं असं जाणकार सांगतात.

प्रमाणाचाही हिशोब करून बघू. रिळावर ‘१५ टक्के कार्बन’ असतं ते वजनाने. कार्बन नायलॉनपेक्षा जड, त्यामुळे आकारमानाने तो दहा टक्केच भरतो. कार्बनच्या तंतूचा ताठपणा सुमारे २३० गिगापास्कल (एक गिगापास्कल म्हणजे हजार मेगापास्कल), नायलॉनचा कोरडा असताना तीनच्या आसपास. हेच दहा टक्के तंतू सलग आणि एका दिशेत असते तर हिशोबाने २५ गिगापास्कल मिळाले असते. प्रत्यक्षात अशा फिलामेंटचा आकडा बहुधा ५ ते ८ असतो, काहींचा त्याहूनही कमी. साध्या नायलॉनच्या मानाने ही झेप चांगलीच आहे. पण तेजसच्या पंखाशी तिची बरोबरी करू नये.

आता ते तुटलेलं बोट. नदीला पूर येतो तेव्हा वाहून आलेले ओंडके प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन चालतात. नोझलच्या निमुळत्या भोकातही हेच होतं. तंतू वाहण्याच्या दिशेला वळतात. ओक रिजच्या नमुन्यांत प्रिंटच्या दिशेतली ही शिस्त ९१.५ टक्क्यांपर्यंत गेली होती. त्यामुळे रेघेच्या दिशेत तुकडा छान ताठ होतो. पण एका थरातला तंतू वरच्या थरात शिरत नाही. दोन थरांच्या सांध्यात फक्त प्लॅस्टिक असतं. वहीचं पान आडवं ओढून फाडायला जोर लागतो, पण दोन पानं चिकटवलेला गोंद सहज सुटतो, तसंच हे. शिवाय तंतूंमुळे रेघ खरबरीत होते, वितळलेलं प्लॅस्टिक घट्ट होतं आणि पसरायला कमी मिळतं, रेघेच्या आत बारीक पोकळ्या राहतात. परिणामी उभ्या दिशेतली बळकटी आडव्या दिशेच्या निम्म्यावर येणं नेहमीचं. बिनतंतूच्या नायलॉनचे थर कित्येकदा याहून चांगले सांधले जातात.

भोसरीतलं बोट प्रिंटरवर उभं करून काढलं होतं, कारण तसं ते बेडवर, म्हणजे ज्या पाटावर तुकडा रचला जातो त्यावर, कमी जागा घेतं. मशीनवर मात्र त्याला बाजूने ढकलणारा भार येत होता, म्हणजे नेमका थर उलगडणारा. तुटलेला भाग एखाद्या पानासारखा सपाट होता, आणि त्यावरून नख फिरवलं तर थराची रेघ स्पष्ट लागत होती.

एवढं वाचून कोणी म्हणेल की मग हा चुरा घालतातच कशाला? त्याचं उत्तर पुन्हा गाऱ्याच्या पेंढ्यात आहे, आणि माझ्या मते या फिलामेंटची खरी किंमत इथेच आहे. गरम प्लॅस्टिक थंड होताना आकसतं. खालचा थर आधीच थंड झालेला, वरचा आत्ता आकसतोय, अशा ओढाताणीत तुकड्याचे कोपरे बेडवरून उचलले जातात. नायलॉन आणि एबीएसवर काम केलेल्या प्रत्येकाने रात्री दोन वाजता असा केळ्यासारखा वाकलेला तुकडा पाहिलेला असतो. कार्बनचा तंतू तापला तरी लांबीत वाढत नाही, उलट अगदी किंचित आखडतो. तो प्लॅस्टिकला आकसू देत नाही, आणि उष्णताही भरभर पसरवतो. तुकडा बेडवर सपाट बसून राहतो आणि मापाला येतो.

याचं सगळ्यात मोठं प्रात्यक्षिक सप्टेंबर २०१४मध्ये शिकागोच्या यंत्रप्रदर्शनात झालं. लोकल मोटर्स कंपनीने ‘स्ट्राटी’ नावाच्या मोटारीचा सांगाडा लोकांसमोर सुमारे ४४ तासांत प्रिंट केला आणि मग ती गाडी चालवून दाखवली. त्यामागचं तंत्र ओक रिज आणि सिनसिनाटी इनकॉर्पोरेटेड यांचं. फिलामेंटऐवजी दाणे वापरले होते, पण माल हाच, कार्बन तंतू घातलेलं एबीएस. एवढा मोठा तुकडा साध्या एबीएसमध्ये उघड्या हवेत काढला असता तर वाकून, थर सुटून वाया गेला असता. तंतूंनी गाडीला ताकद दिली याचीच चर्चा जास्त झाली. मला वाटतं, त्यांनी गाडी सरळ राहू दिली ही बातमी मोठी होती.

पीएलए या घरगुती प्रिंटरवरच्या सर्वांत नेहमीच्या प्लॅस्टिकमध्ये कार्बन घालतात त्याबद्दल मात्र माझं मत जरा तिखट आहे. पीएलए मुळातच ताठ, आकसतं कमी आणि चिवटपणात आधीच लंगडं. त्यात चुरा घालून हाती मुख्यतः एक सुंदर काळा, मॅट पोत लागतो, ज्यात थरांच्या रेघा लपतात. शोभेसाठी घ्यायचं तर खुशाल घ्या, मीही घेतो. ताकदीसाठी पैसे मोजू नका.

या फिलामेंटशी घरोबा करायचा तर दोन गोष्टी रोज सांभाळाव्या लागतात. पहिली पाणी. नायलॉन हवेतली ओल पिऊन घेतं. नायलॉन ६ पाण्यात बुडवून ठेवलं तर स्वतःच्या वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास पाणी धरतं. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये रीळ उघडं ठेवणं म्हणजे भाजलेला पापड खिडकीत ठेवणं. सादळलेलं फिलामेंट नोझलमध्ये गेलं की आतल्या पाण्याची वाफ होते, चुरचुर आवाज येतो, रेघेत बुडबुडे राहतात आणि तुकडा ठिसूळ निघतो. प्रिंट करण्याआधी ते ८० अंशांवर आठ-बारा तास वाळवावं लागतं आणि छापतानाही सिलिका जेलच्या बंद डब्यातून ओढावं लागतं. याची दुसरी बाजू फार कोणी सांगत नाही. तयार तुकडाही पुढे हवेतली ओल घेतोच. त्याने तो थोडा चिवट होतो, पण ताठपणा बराच उतरतो. कंपनीच्या पत्रकातला आकडा बहुधा कोरड्या नमुन्याचा असतो. मुंबईतल्या ऑगस्टमधला तुकडा तो आकडा देणार नाही.

दुसरी गोष्ट नोझलची. नेहमीचं नोझल पितळेचं असतं, आणि वितळलेल्या प्लॅस्टिकमधून घासत जाणारे तंतू त्याला पॉलिश पेपरसारखे खातात. एखादं अर्ध रीळ संपेपर्यंत ०.४चं भोक मोठं होतं, टोक सपाट होतं, आणि प्रिंट का बिघडतेय हे माणसाला कळत नाही. तो सेटिंग बदलत बसतो. म्हणून कडक केलेल्या पोलादाचं नोझल लावायचं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले अँडर्स ओल्सन यांना न्यूट्रॉन अडवण्यासाठी बोरॉन कार्बाइड मिसळलेलं प्लॅस्टिक प्रिंट करायचं होतं. बोरॉन कार्बाइड हिऱ्याच्या पंगतीतलं कठीण, नोझल पाहता पाहता झिजायची. शेवटी त्यांनी पितळेच्या नोझलच्या टोकाला चक्क माणिक बसवलं. घड्याळजींना यात नवल वाटणार नाही, जुन्या घड्याळांत चाकांच्या खुंट्या माणकातच फिरतात.

आता सळईकडे. ग्रेग मार्क यांच्या मार्कफोर्ज्ड कंपनीने २०१४च्या सुरुवातीला ‘मार्क वन’ नावाचा प्रिंटर दाखवला. त्याला दोन नोझल होती. एक नेहमीसारखं नायलॉन सोडतं. दुसऱ्यातून नायलॉनचा लेप दिलेली, अखंड तंतूंची बारीक दोरी बाहेर येते. ती वितळवून ‘ओतली’ जात नाही, शिवणकामात फीत दाबून बसवावी तशी थरावर इस्त्री करत अंथरली जाते, आणि वळण संपलं की यंत्रातलं पातं ती कापतं. याच कंपनीचं चुऱ्याचं फिलामेंट ‘ऑनिक्स’ २.४ गिगापास्कल ताठ आहे, आणि सलग कार्बनचा आकडा ती ६० गिगापास्कल देते. ॲल्युमिनियम ६९च्या आसपास असतं. ‘ॲल्युमिनियमइतकं मजबूत प्लॅस्टिक’ ही जाहिरात इथून येते. ती खोटी नाही, पण तो आकडा तंतूंनी गच्च भरलेल्या पट्टीचा आहे आणि तंतूच्याच दिशेतला. पूर्ण तुकडा तसा कधी भरत नाहीत.

भरायची गरजही नसते, आणि इथे कौशल्य बांधकामाच्या मिस्त्रीचं लागतं. बीमवर भार आला की खालची बाजू ताणली जाते, म्हणून मुख्य सळया खाली. पुढे आलेल्या छज्जाची मात्र वरची बाजू ताणली जाते, म्हणून तिथे सळया वर. तिथे त्या खाली टाकल्या तर सळया असूनही छज्जा पडतो. सलग तंतूचंही हेच. वाकणाऱ्या तुकड्यात वरचे-खालचे काही थर आणि भोकांभोवतीची कडी एवढंच तंतूंनी भरलं, मधे पोकळ जाळी ठेवली, तरी बहुतेक काम होतं. पण ही सळईसुद्धा फक्त थराच्या पातळीत झोपते. उभी सळई हा प्रिंटर टाकू शकत नाही. अगदी लहान किंवा टोकदार कोपऱ्यांच्या तुकड्यात ती वळतच नाही.

कार्बन सोडून इतरही तंतू आहेत. काचेचा तंतू स्वस्त, थोडा जड, कार्बनइतका ताठ नाही, पण वीज वाहू देत नाही आणि रेडिओलहरी अडवत नाही. ड्रोनवर अँटेनाशेजारी काही बसवायचं तर कार्बनपेक्षा तोच शहाणपणाचा. केव्हलार, म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटातला तंतू, धक्के पचवतो. लाकडाचा भुसा घातलेलं फिलामेंट मिळतं ते या यादीत धरू नका, भुसा हा रंगरूपासाठीचा भराव आहे.

हाताळताना एक काळजी. या तुकड्यांना पॉलिश पेपर मारायचा तर ओला करून, मास्क घालून. तंतूंची बारीक टोकं बोटांत शिरतात, आणि ही खाज साबणाने जात नाही. ज्याला सतत हात लागणार अशी वस्तू, किंवा स्वयंपाकघरातलं काही, यात मुळीच करू नये.

भोसरीच्या बोटाचं पुढे असं झालं. फिलामेंट तेच ठेवलं, दुसरं रीळ आणलं नाही. फक्त वाळवून घेतलं. डिझाइन आडवं निजवलं, म्हणजे ढकलणारा भार रेघांच्या लांबीवर आला. बुडाशी जिथे बोट पकडीला जोडलं जातं तिथे निजवूनही थर उलगडायची भीती होतीच. तिथे आरपार भोक ठेवून पाच मिलिमीटरचा साधा पोलादी बोल्ट घातला आणि वॉशर लावून नट आवळला. जी उभी सळई प्रिंटर टाकू शकला नाही, ती पान्याने टाकली.